शाईची गादी

दिवसा मी होळकर दरबारच्या आबकारीत कारकून,
त्या संध्याकाळी दारूबंदीचा दुभाष्या.
दोन्ही कामं एकाच कोटात केली,
कारण कोट एकच होता.

मिस कॉर्बिन नेब्रास्काहून निघाल्या होत्या,
योकोहामा, कोलंबो, मुंबई करत
महूला गोऱ्या शिपायांपुढे बोलून
टांग्यानं इंदूरला आल्या, धुळीनं पिवळ्या.
पोलक्यावर पांढऱ्या फितीची एवढीशी गाठ.
म्हणाल्या, ही फीत आता चाळीस देशांत आहे.
मी म्हटलं, चाळीस देश.
समोर सतरंजीवर गिरणीतल्या रीळवाल्या.
उज्जैनच्या पलीकडे
त्यांना सगळा एकच देश होता.

टेम्परन्सला शब्द सापडेना.
रात्री कंदील संपेपर्यंत कोश चाळला होता.
संयम म्हणावं तर एकादशी आठवते,
मद्यपाननिषेध म्हणावं तर तोंडात खडे.
शेवटी म्हटलं : न पिणं.
बाई अर्धा अर्धा मिनिट बोलत,
माझं दोन शब्दांत आटपे,
आणि त्या माझ्याकडे अशा बघत
जणू मी मापात मारतोय.

मग गोष्टीत बर्फ आला.
त्यांच्या गावी, ऐन हिवाळ्यात,
बायका गुत्त्यासमोर गुडघे टेकून बसल्या होत्या.
बर्फ इथं कुणी पाहिलेला?
मी म्हटलं, समजा गारा पडल्या
आणि विरघळल्याच नाहीत.
तेवढं त्यांनी मान्य केलं.
पण अकराव्या दिवशी मालकानं
आपली पिंपं आपणच रस्त्यावर फोडली, म्हटल्यावर
सगळी सतरंजी हसली.
भेरूलाल कलाल कुऱ्हाड घेऊन स्वतःच्या पिंपावर!
मीही हसलो. मला आकडा ठाऊक होता.
छावणीच्या दुकानाचा ठेका, साडेचार हजार,
नोंद माझ्या हातची,
आणि त्यातच कुठंतरी माझे महिन्याचे अठरा रुपये.

धापू उठली. पदर दातांत.
"थारा मुलुक में बी मारे कई?"
मी वाक्य जुळवत होतो,
तोवर बाईंनी तिचा जबड्यावरचा हात पाहिला.
चष्मा काढला. पुसला नाही, नुसता धरला.
"माय फादर," म्हणाल्या.
पुढं काही बोलल्या नाहीत.
याचं भाषांतर मी केलं नाही.
धापूनं मान हलवली,
गल्लीतल्याच कुणाची खबर कळावी तशी,
आणि खाली बसली.

मग तो कागद. लांबलचक, कापडावर चिकटवलेला,
कुठल्या कुठल्या लिपींतल्या सह्या,
काही उभ्या, काही मुंग्यांच्या रांगेसारख्या.
इथं सही कुणालाच येत नव्हती.
अंगठे घ्यायला मी कचेरीतली गादी आणली होती,
न विचारता.
सोमवारच्या लिलावात
भेरूलालचा अंगठा हिच्यावरच टेकायचा होता.
त्रेपन्न बायका. जांभळी शाई.
एकीनं विचारलं, याचे पैसे कापणार का?
धापूनं अंगठा उमटवला,
उरलेली शाई भिंतीला पुसली.
ती भिंत मिशनची; डाग पुष्कळ दिवस होता.

कागद गुंडाळून बाई पुढं गेल्या,
कराचीला, तिथून बहुतेक केपटाउनला.
धापूचा अंगठा समुद्रावर गेला.
धापू पहाटेच्या भोंग्याला गिरणीत गेली.
तिचा नवरा सुटला की नाही, मला माहीत नाही.
विचारायला हवं होतं.
मी त्या वाटेनं जाणं टाळत असे.

सोमवारी ठेका पाच हजार दोनशेला गेला.
दरबारात सगळे खूश.
भेरूलालचा अंगठा मात्र फिका उठला,
दोनदा घ्यावा लागला.
सुपरिंटेंडेंटसाहेबांनी विचारलं,
गादी इतक्यात कशी सुकली?
मी म्हटलं, ऊन फार आहे, साहेब.
डिसेंबर चालू होता.